दाखवासाहेब

इस्कुटरला कुलूप लावलं की साहेब ते तीनदा ओढून बघायचे. मग चार पावलं पुढं जायचे, थांबायचे आणि मला हाक मारायचे.

"नाना, जरा ओढून बघा."

"आत्ता तुमीच वढलं की."

"मीच लावलं, मीच ओढलं. त्याला काय अर्थ आहे?"

मग मी फाटकाजवळच्या खुर्चीवरून उठून इस्कुटरचं कुलूप ओढायचो. ती इस्कुटर इतकी जुनी होती की भंगारवाल्यानं फुकट नेली नसती. पण साहेबांचं म्हणणं, प्रश्न इस्कुटरच्या किमतीचा नाही. ज्यानं काम केलं त्यानंच ते तपासलं, तर ते तपासलेलं नसतंच. एवढं एक वाक्य पटवायला त्यांनी मला भर उन्हात कितीदा उठवलं असेल. मला पटलं नव्हतं. मी मनात म्हणायचो, आमच्या घरी भाजी बायको करते आणि मीठ बी तीच चाखून बघते, आजवर कुणी मेलं नाही.

साहेब म्हणजे आमच्या दूध संस्थेचे ऑडिटर. संस्था आमच्याच गावची, पारनेर तालुक्यातली. आमच्याकडं पाऊस बेताचा, म्हणून जनावरांवर भिस्त. संस्था दूध घेते आणि सभासदांना पशुखाद्य पुरवते: सरकी पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा भुसा. त्याचं मोठं गोदाम आहे. टेम्पो तिथं भरायचा आणि वाड्यावस्त्यांवर जायचा. गोदामाच्या आवाराला फाटक एकच आणि त्या फाटकावर मी. बाहेर जाणारं पोतं न पोतं मी मोजायचो. टेम्पोबरोबर एक पास असायचा, त्याच्यावर ‘तपासून सोडले’ असा शिक्का, आणि शिक्क्याखाली माझी सही. त्या सहीशिवाय आमच्या आवारातून कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही, असं मी म्हणायचो. लोक हसायचे. मी हसत नसायचो.

माझं शिक्षण चौथी. पुढं शिकलो नाही, त्याचं कारण गरिबी नव्हे. दुसऱ्या पोरानं फोडलेल्या काचेसाठी मास्तरांनी मला छडी मारली. मी दप्तर उचललं आणि घरी आलो, तो परत गेलोच नाही. बाप दोनदा म्हणाला, जा. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. खोटा आळ मला तेव्हाही सोसला नाही, आजही सोसत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते त्याच्यावरच फिरलं.

साहेब नगरचे. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. उंच, वाळके, आणि खिशाला दोन पेनं: एक निळं, एक हिरवं. पहिल्यांदा आले तेव्हा सेक्रेटरीनं त्यांना आत बसवलं, पंखा लावला, आणि संस्थेचं काम कसं काटेकोर चालतं ते तासभर सांगितलं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मी पाणी द्यायला आत गेलो तेव्हा वहीची चार पानं भरली होती, सगळी निळी.

"ह्ये हिरवं पेन कशाला?" मी विचारलं.

"जे मला सांगितलं ते निळ्यानं लिहितो. जे मी बघितलं ते हिरव्यानं."

"मग आज समदं निळंच हाय."

"हो ना," साहेब म्हणाले आणि पेला हातात घेऊन मला विचारलं, "हे पाणी कधी भरलं?"

"सकाळी."

"कुणी?"

"मीच."

"दाखवा."

मी त्यांना माठ दाखवला, नळ दाखवला. मगच ते पाणी प्याले. संस्थेचा चहा मात्र त्यांनी कधी घेतला नाही. फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायचे, दुपारी कडुलिंबाखाली बसून खायचे. सेक्रेटरीनं एकदा आग्रह केला, तर म्हणाले, "तुमचा चहा गोड असतो हो. अडचण तीच आहे."

सांगू नका, दाखवा. हा त्यांचा मंत्र होता. हमालांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव दाखवासाहेब ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं असणार, पण माणूस रागावला नाही, हसलाही नाही. त्यांना हसताना मी उभ्या जन्मात दोनदा बघितलं असेल.

एकच प्रश्न तीन माणसांना वेगवेगळा गाठून विचारायची त्यांना खोड होती. गोदामातला माल कधी मोजता, असं त्यांनी विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, दर शनिवारी. म्हातारा हमाल म्हणाला, "मोजत्यात की. दिवाळीला." मी म्हणालो, मी रोज मोजतो, मनात. साहेबांनी तिन्ही उत्तरं एकाखाली एक लिहिली आणि कुणालाच खोटं म्हणाले नाहीत.

"यातलं खरं कुठलं धरता?" मी विचारलं.

"अजून कुठलंच नाही. नाना, एक नियम कागदावर असतो. दुसरा खरोखर असतो. आणि तिसरा खरोखर चालू असतो. विहिरीवर मोटर बसवली म्हणजे पाटात पाणी आलं असं होतं का?"

हे मात्र मला पटलं. आमच्या शेतातली मोटर तेव्हा आठ दिवस जळून पडली होती.

दिवाळीची मोजणी झाली की दरवर्षी गोदामात थोडी तूट निघायची. ती ‘उंदीर व ओल’ म्हणून लिहायची रीत होती. माझ्या आधीपासूनची रीत, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. साहेबांनी ते वाचलं आणि गोदामात येऊन सेक्रेटरीला म्हणाले, "उंदीर दाखवा."

सेक्रेटरी गांगरला. "साहेब, उंदीर काय बोलावल्यावर येतात व्हय?"

"बरं. कुरतडलेलं पोतं दाखवा."

दोन पोती निघाली, कोपऱ्यातली, थोडी फाटलेली. साहेब गुडघ्यावर बसून ती बघत राहिले. थप्पीवर संस्थेचं मांजर झोपलं होतं, चांगलं माजलेलं. साहेबांनी मांजराकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुमचे उंदीर पोत्यासकट खातात. रिकामं पोतंसुद्धा मागं ठेवत नाहीत." हमाल हसले. मी हसलो नाही. उंदीर काय खातात ते माझं खातं नव्हतं. माझं खातं फाटक.

त्याच आठवड्यात त्यांनी पोत्याचा पाठलाग केला. आलेल्या मालातलं भरड्याचं एक पोतं निवडलं, त्याला लाल नाडा बांधला आणि म्हणाले, आता हे जिथं जाईल तिथं मी जाणार. पोतं ट्रकमधून उतरलं, हे बरोबर. थप्पीला लागलं, हे थप्पीजवळ उभे. दुसऱ्या दिवशी ते टेम्पोत चढलं तर साहेब इस्कुटर काढून टेम्पोच्या मागं. धुरळा खात तीन कोसांवरच्या वस्तीवर गेले. ड्रायव्हरनं ते पुढं महिनाभर ज्याला त्याला सांगितलं. पोतं उतरलं तरी साहेब हलेनात. गोठ्यात उभे राहिले. घरची बाई म्हणाली, साहेब बसा. हे म्हणाले, नको, पोतं उघडा. तिनं उघडलं. आता म्हशीला घाला. तिनं घातलं. म्हैस खायला लागल्यावर साहेबांनी हिरवं पेन काढलं. मग ती बाई काय गप्प बसती का? म्हणाली, "म्हशीची बी सही घेता का? आंगठा न्हाई तिला, खूर हाय."

साहेब तेव्हा हसले. दोनदातलं हे एक.

माघारी आल्यावर मला म्हणाले, "आठ जागी ते पोतं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. आठ ठिकाणी ते वाट चुकू शकत होतं. आता प्रत्येक ठिकाणी त्याला अडवायला कोण उभं आहे, ते बघायचं."

"फाटकावर मी हाय," मी म्हणालो.

"म्हणून तर तुम्हाला शेवटी ठेवलंय."

मला तो मान वाटला. खर्ड्याचा किल्ला बघून आल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. किल्ल्याचा मोठा दरवाजा सगळे बघतात, त्याचे खिळे मोजतात. पण मोठ्या दरवाज्यात एक लहान दिंडी असते, रोजचं जाणं-येणं तिच्यातून. दरवाजा कितीही मजबूत असू दे, ऑडिट दिंडीचं करायचं. ऐकायला बरं वाटलं. ती दिंडी आपणच असू असं माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून साहेब माझ्या फाटकाशी दगडावर येऊन बसले. नुसते बसले. तीन टेम्पो गेले. माझी पद्धत ठरलेली होती. टेम्पो थांबवायचा, पास हातात घ्यायचा, ड्रायव्हरच्या डोळ्यात बघायचं आणि म्हणायचं, "बोल, काय काय भरलंय?" तो सांगायचा, पेंड इतकी, भरडा इतका. मग मी मागं जाऊन मोजायचो. मोजण्यात मला तोड नाही. थप्पी कशी लागलीय ते बघून आतली, दिसत नसलेली पोतीसुद्धा सांगतो. टायर किती दबलंय त्यावरून पेंड का भुसा ते सांगतो. मोजलं, ड्रायव्हरचा आकडा जुळला, की सही.

दुपारी साहेबांनी विचारलं, "नाना, ड्रायव्हरला आधी का विचारता?"

"पारख करतो, साहेब. खोटं बोलनारा माणूस आकडा सांगताना अडखळतो."

"छान. आणि मग पासवर बघता?"

"व्हय."

त्यांनी तिथलाच एक पास उचलून माझ्या हातात दिला. "यात भरडा किती आहे?"

आता खरं काय ते लिहितो. पास आधी मराठीत असायचा, सेक्रेटरीच्या हातचा. तो मी वाचायचो, सावकाश वाचायचो पण वाचायचो. मग संस्थेत कॉम्प्युटर आला आणि पास इंग्रजीत छापून यायला लागला. आकडे मला कळतात, नोटेवरचे कळतात तसे ह्याच्यावरचेही कळतात. पण त्या कागदावर आकड्यांची जत्रा होती: पोत्याचं वजन, मालाचा नंबर, गाडीचा नंबर, नग, आणि कुठला आकडा कशाचा ते शेजारी इंग्रजीत. पहिल्या दिवशी मी कागद घेतला, काही उमगलं नाही, आणि मागं ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी त्याला विचारलं, काय भरलंय. तिथून ती पद्धत पडली. उद्या सेक्रेटरीला सांगू, असं मनात म्हणालो. तो उद्या सहा वर्षं आला नाही. पारख-बिरख ही नंतर मी माझ्या मनाची घातलेली समजूत.

"चष्मा घरी राहिला," मी म्हणालो.

मी चष्मा वापरत नाही हे साहेबांनी चार दिवस बघितलं होतं. त्यांनी एक काटकी घेतली आणि मातीत काढायला लागले. एक चौकोन काढला, म्हणाले गोदाम. दुसरा, ऑफिस. तिसरा, टेम्पो. टोकाला एक माणूस काढला, त्याच्या हातात काठी. तो मी. ऑफिसातून एक बाण निघाला, तो कागदापाशी आला. टेम्पोतून एक बाण निघाला, तो ड्रायव्हरच्या तोंडातून माझ्यापाशी आला.

"नाना, कागदापासून तुमच्यापर्यंत बाण काढू का?"

अक्षर एकही नव्हतं त्यात. मला समदं वाचता आलं. मी उठलो आणि पायानं ते चित्र पुसून टाकलं.

साहेबांनी शेजारची जागा साफ केली आणि तेच चित्र पुन्हा काढलं. तितकंच सावकाश.

"सहा वर्सात एक पोतं ह्या फाटकातनं वाकडं गेलेलं न्हाई," मी म्हणालो.

"कशावरून?"

"मी सांगतो म्हनून."

"गेलं असं मी म्हणत नाही. गेलं असतं, तर तुम्हाला कळलं असतं का, एवढंच विचारतो."

"म्हंजे मला चोर म्हनता?"

"नाही. दार म्हणतो. दाराला कुणी चोर म्हणत नाही, नाना. ते लागतं की नाही, तेवढं बघतात."

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा तिला सांगितलं. ती परातीतलं पीठ मळत म्हणाली, "सहा वर्सं चेअरमनला सांगू नका, सेक्रेटरीला सांगू नका. घरात तरी सांगायचं. मानूस घरात बी फाटकावरच बसतंय."

सकाळी मी साहेबांच्या आधी ऑफिसात जाऊन बसलो. म्हणालो, जुने पास काढा, समदे काढा, माझ्यासमोर तपासा. त्यांनी पंचवीस काढले, कुठले ते स्वतःच ठरवून. ज्या सभासदांना माल गेला त्यांच्या पावत्यांशी एकेक लावला. दुपार झाली. पंचवीसच्या पंचवीस जुळले.

"झालं? पटलं?"

"पासावर जे होतं ते पोचलं, एवढं पटलं."

"मग आनखी काय पायजे?"

"जे पासावर आलंच नाही आणि टेम्पोत गेलं, ते मी कुठल्या कागदाशी लावू? ते बघायची जागा एकच होती. फाटक."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या नाना, तुमच्यासारखा इमानी माणूस नाही. मला तेवढंच ऐकायचं होतं. ते ऐकलं असतं तर मी राग सोडून दिला असता. साहेबांनी वही मिटली आणि कडुलिंबाखाली भाकरी खायला गेले.

ऑडिटच्या सभेच्या आदल्या दिवशी ते फाटकावर आले आणि अहवालातलं एक वाक्य मला वाचून दाखवलं. फाटकावरचा पास ज्या भाषेत छापला जातो, ती फाटकावरच्या तपासणाऱ्याला वाचता येते का, हे संस्थेने कधी विचारलेले नाही. त्यामुळे ही तपासणी भरवशाची धरता येत नाही.

"यात काही खोटं आहे?"

"न्हाई."

"तुमचं नाव आहे?"

"गावात फाटक एकच हाय, साहेब."

साहेबांनी कागदाची घडी घातली. "ते मला बदलता येत नाही," म्हणाले. "लिहू नका म्हणत असाल तर कारण सांगा. मी ऐकतो."

मी त्यांना विनवलं असतं तर त्यांनी वाक्य काढलं असतं का? नसतं. पण मला विचारलं, हे खरं. चौथीत असताना मास्तरांनी विचारलं नव्हतं.

"लिवा," मी म्हणालो.

सभेला पंचकमिटी, सेक्रेटरी, दहाबारा सभासद. ते वाक्य वाचलं गेलं तेव्हा निम्म्या लोकांना कळलंच नाही. सेक्रेटरी लगेच म्हणाला, "नाना तर रोज सह्या करतात. येतं त्यांना वाचायला. काय, नाना?"

सगळे माझ्याकडं वळले. साहेबांनी मान खाली घालून कागद चाळायला घेतले. मी नुसती मान हलवली असती तरी निभलं असतं. सेक्रेटरीनं दार उघडूनच दिलं होतं.

"न्हाई येत," मी म्हणालो.

मागून कुणीतरी हसलं. चेअरमन पुढं झुकला. "मग नाना, सहा वर्सं सही कशावर केली?"

"डायवरच्या तोंडावर."

आता कुणी हसलं नाही. एकदा तोंड उघडलं की मला मिटता येत नाही. म्हणालो, "पास मराठीत हुता तवर वाचत हुतो. बदलताना मला कुनी इचारलं न्हाई. अन मी बी सांगितलं न्हाई. निम्मं तुमचं, निम्मं माझं."

चेअरमन म्हणाला, मग फाटकावर शिकलेलं माणूस बसवू. सगळे माना हलवायला लागले. इतका वेळ गप्प बसलेले साहेब तेव्हा बोलले. "माणूस बदलू नका. यांच्यासारखं मोजणारा मी बघितलेला नाही. कागद बदला."

सेक्रेटरी म्हणाला, "साहेब, आपल्या कॉम्प्युटरमधी मराठी येत न्हाई."

"दाखवा," साहेब म्हणाले.

अख्खी सभा हसली. पुढच्या आठवड्यात मराठी पास छापून आला, मोठ्या अक्षरात. मालाचं नाव, शेजारी पोती, बाकी सगळं खाली बारीक. मला सांगण्यात आलं, ड्रायव्हरला काही विचारायचं नाही, आधी पास वाचायचा, मग मोजायचं.

पहिल्याच सकाळी भरलेला टेम्पो आला. ड्रायव्हर बाहेरगावचा, पण वर्षानुवर्षं आमच्याकडं येणारा, हसतमुख, दर बैलपोळ्याला माझ्या पाया पडणारा. पास मी वाचला. भरडा, चाळीस. मागं जाऊन मोजलं. बेचाळीस. पुन्हा मोजलं. बेचाळीस. पुढं आलो तर त्यानं मी न विचारता सांगितलं, नेहमीच्याच आवाजात, "बेचाळीस हाईत, नाना. नेहमीचंच."

अडखळला नाही. कशाला अडखळेल? तो खरंच सांगत होता. बेचाळीस भरली तर बेचाळीस सांगत होता, आणि मी बेचाळीस मोजून सही देत होतो. सहा वर्षं मी त्याचं खोटं पकडायला बसलो होतो आणि त्याला खोटं बोलायची गरजच पडली नव्हती.

"नेहमीचं म्हंजी?" मी विचारलं.

त्यानं माझ्या हातातल्या पासाकडं बघितलं. मराठी अक्षरं बघितली. मग म्हणाला, "म्हंजी... हमालांची चूक झाली आसंल."

मी फाटक उघडलं नाही. पासवर माझ्या हातानं लिहिलं, पास चाळीस, मोजले बेचाळीस, सोडला नाही. दोन पोती उतरली. कमिटीनं चौकशी केली. हमाल म्हणाले चूक, ड्रायव्हर म्हणाला चूक, पुरावा कुठलाच नाही, आणि ड्रायव्हर त्यानंतर आमच्याकडं आला नाही. त्या दिवाळीला तूट निघाली ती नावापुरती. उंदरांनी त्या वर्षी फारसं खाल्लं नाही.

मी साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. मग विचारलं, "सहा वर्सात किती गेलं आसंल?"

"माहीत नाही."

"आंदाज?"

"अंदाज मी लिहीत नाही, नाना. आणि सांगतही नाही."

"बरं, मग ही माझी चूक का न्हाई, तेवढं तरी सांगा."

"आज तुम्ही अडवलं, हे मी लिहीन," साहेब म्हणाले. "मागचं मला दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही. दिसत नाही ते बरं आहे का वाईट, ते मी कसं सांगू?"

मी फोन ठेवून दिला. पुढची दोन वर्षं ते आले की मी कुलूप ओढायचो, माठ दाखवायचो, आणि त्याशिवाय एक शब्द बोलायचो नाही. त्यांनी कधी विचारलं नाही का ते. नंतर ते निवृत्त झाले, दुसरे ऑडिटर आले. हे नवे चहा घेतात, गप्पा मारतात, तासाभरात जातात. पहिल्या वर्षी मला बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी मी त्यांना म्हणालो, साहेब, फाटकावर या, दाखवतो. ते म्हणाले, नाना, तुमच्यावर विश्वास आहे. मला ते ऐकवलं नाही.

गेल्या साली गुडघ्यांनी जवाब दिला आणि मी काम सोडलं. संस्थेनं सत्कार ठेवला. मी जुन्या साहेबांना स्वतः फोन करून बोलावलं. आले, एसटीनं. आणखी वाळले होते. पुढं खुर्ची ठेवली होती तरी शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

शाल झाली, नारळ झाला. नव्या सेक्रेटरीनं मानपत्र वाचायला घेतलं, काचेच्या चौकटीतलं, सोनेरी अक्षरात. सचोटी, निष्ठा, असं बरंच. आणि मग वाक्य आलं: त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत संस्थेच्या आवारातून एक पोतेही चुकीने बाहेर गेले नाही.

टाळ्या पडल्या. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो ते माझं मला ठाऊक. मी शेवटच्या रांगेकडं बघितलं. साहेब खाली जमिनीकडं बघत होते.

मी खुर्चीतून उठलो. "ह्ये कुनी तपासलं?"

टाळ्या थांबल्या. चेअरमन हसत म्हणाला, "नाना, मानपत्र हाय ते. पास न्हवं."

"खाली सही कुनाची हाय?"

"माझी."

"तुमी तपासलं?"

चेअरमननं सेक्रेटरीकडं बघितलं, सेक्रेटरीनं माझ्याकडं. मी म्हणालो, तेवढं वाक्य काढा, बाकी राहू द्या. सेक्रेटरी म्हणाला, त्या जागी काय घालू? मी म्हणालो, फाटकावर बसला आणि पोती मोजली, एवढं घाला. लोकांना वाटलं म्हातारा चळला. चेअरमन म्हणाला, बरं, नवीन करून घरी पाठवतो. आणि पाठवलंही, पंधरा दिवसांनी.

साहेबांना एसटीला बसवायला मी फाट्यापर्यंत गेलो. गुडघे दुखत होते तरी गेलो. गाडीची वाट बघताना ते म्हणाले, "नाना, ते वाक्य राहिलं असतं तरी मी काही बोललो नसतो. मी आज ऑडिटला आलो नव्हतो."

"तुमी न्हवता आला," मी म्हणालो. "पन ते माझ्या घरात लागनार हुतं. अन ते मराठीत हाय, साहेब. मला वाचता येतं."